घरची व्हर्च्युअलायझेशन लॅब (भाग ३) : एका लिटरात मावणारा सर्व्हर

एका यंत्राच्या पोटात चार-पाच यंत्रं कशी नांदतात, ते मागच्या भागात पाहिलं. आता खरेदी.

बहुतेकजण प्रोसेसरपासून सुरुवात करतात. तुम्ही रॅमपासून करा. चार व्हर्च्युअल मशीन्स चालू असली तरी प्रोसेसर बराच वेळ नुसता बसून असतो. ज्याला काम पडेल त्याच्याकडे वळतो. रॅमचं तसं नाही. विंडोज सर्व्हरला ४ जीबी दिली की ती जवळपास अडकलीच. एक डोमेन कंट्रोलर, एक विंडोज क्लायंट, दोन लिनक्स आणि एक फायरवॉल एवढा संसार मांडला की १६ जीबी काठोकाठ भरते. म्हणून ३२ जीबी टाकता येत नसेल, तर ते यंत्र कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.

भंगारभावात मिळणाऱ्या जुन्या रॅक सर्व्हरचा मोह अनेकांना होतो. भरपूर रॅम, भरपूर कोअर, आणि पंख्यांचा असा आवाज की घरचे दुसऱ्याच दिवशी तो जिन्याखाली नेऊन ठेवतील. खरा खर्च विजेचा. १०० वॉट खाणारं यंत्र महिनाभर अखंड चालवलं तर ७२ युनिट होतात. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांनंतर दर चढतो, त्यामुळे हे ७२ युनिट नेमके महागड्या टप्प्यात जाऊन पडतात. उलट, रिकामं असताना १० वॉटवर चालणारं छोटं यंत्र महिन्याला ७ युनिटांवर भागवतं.

असं यंत्र म्हणजे कंपन्यांमधून निघालेला छोटा डेस्कटॉप : डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, एचपीचा एलिटडेस्क मिनी. तिन्हींचं आकारमान साधारण एक लिटर. विंडोज ११ आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर स्वीकारत नाही आणि १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. त्यामुळे कचेऱ्यांनी सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं बाहेर काढली. आपण प्रॉक्समॉक्स ही व्हर्च्युअल मशीन्स चालवणारी प्रणाली बसवणार आहोत, तिला या अटीशी देणंघेणं नाही. तरीही परवडत असेल तर आठवी पिढी घ्या : आय५-६५००टीमध्ये ४ कोअर आहेत, आय५-८५००टीमध्ये ६, आणि दोन्ही ३५ वॉटच्याच गटातले. शेवटचा ‘टी’ कमी वीज खाणाऱ्या जातीचा.

तिघांतली निवड आवडीची. एलिटडेस्क ८०० जी४ मिनीत एनव्हीएमई डिस्कसाठी दोन जागा आहेत. थिंकसेंटर एम७२०क्यूमध्ये रायझर लावून नेटवर्क कार्ड बसवता येतं, मात्र मग २.५ इंची डिस्कची जागा जाते. फायरवॉल शिकायचं असेल तर मी हाच घेईन.

नव्या कोऱ्या एन१०० प्रोसेसरच्या डब्या दिसायला गोंडस असतात, वीजही नाममात्र घेतात. पण मेमरीचा एकच चॅनेल आणि इंटेलने अधिकृतपणे सांगितलेली मर्यादा १६ जीबी. घरातल्या जाहिराती अडवायला उत्तम, लॅबला तोकडं. रास्पबेरी पाय एआरएम घराण्याचा, त्यामुळे त्यावर नेहमीचा विंडोज सर्व्हर व्हर्च्युअल मशीन म्हणून चालवायचा विचार सोडा.

आणि तीन यंत्रं एकदम घेऊ नका. क्लस्टर शिकायचा म्हणून लोक तिप्पट खर्च करतात. प्रॉक्समॉक्सच्या आत प्रॉक्समॉक्स चालतं. एकाच यंत्रात तीन खोटे नोड उभे करून क्लस्टर जोडता-मोडता येतो. वेग यथातथाच, पण शिकायला पुरे.

लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावातल्या जुन्या संगणकांच्या दुकानात यंत्र समोर चालू करायला सांगा. बायॉसला पासवर्ड असेल तर परत द्या. दुकानदार ‘काढून देतो’ म्हणाला तरी. आत शिरून व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी हे व्हर्च्युअलायझेशनचे दोन्ही पर्याय आहेत का पाहा. बंद असतील तर चालू करता येतात. अडॅप्टर त्याच कंपनीचा मागून घ्या. डेलला परका अडॅप्टर ओळखू आला नाही, तर यंत्र चालतं, पण प्रोसेसरचा वेग मुद्दाम पाडला जातो, आणि दोष बिचाऱ्या सॉफ्टवेअरवर जातो.

पुढच्या आठवड्यात प्रॉक्समॉक्स बसवू. ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह जवळ ठेवा. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा लग्नाचे फोटो आधी हलवा.