बाळाच्या जांघेतील फुगवटा : थांबायचे कधी, धावायचे कधी?

बाळाला आंघोळ घालताना जांघेत सुपारीएवढा फुगवटा आईला दिसतो. बाळ रडले की तो वाढतो, शांत झोपले की नाहीसा होतो. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, 'मोठा झाला की जाईल.' हा सल्ला बेंबीच्या हर्नियाला बहुधा लागू पडतो, जांघेच्या हर्नियाला मात्र नाही. हा फरक प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावा.

हर्निया का होतो?

मुलगा आईच्या पोटात असताना त्याचे वृषण पोटातून अंडकोषात उतरतात. त्यांच्या वाटेवरील पातळ पिशवी पुढे आपोआप मिटते. ती उघडी राहिली तर आतडे तीतून खाली सरकते. रडल्यामुळे हर्निया होत नाही. रडल्यामुळे तो दिसतो. मुलग्यांत, उजव्या बाजूला आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत त्याचे प्रमाण अधिक असते. मुलींनाही तो होतो. त्यांच्यात कधी अंडाशय पिशवीत उतरते.

उघड्या वाटेतून फक्त पाणी उतरले तर त्याला हायड्रोसिल म्हणतात. तो बहुधा एक-दोन वर्षांत ओसरतो. मात्र फुगवटा कशाचा आहे, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

बेंबीचा हर्निया

हा बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बंद होतो. बेंबीवर नाणे किंवा पट्टा बांधून काही उपयोग नाही; उलट कातडी चिघळते.

धोक्याची खूण

जांघेचा हर्निया आपोआप बरा होत नाही. त्यात आतडे अडकण्याचा धोका पहिल्या वर्षात सर्वाधिक असतो. फुगवटा कडक झाला, आत जाईना, बाळ सारखे रडू लागले, उलट्या झाल्या, पोट फुगले, तर रात्र असली तरी निघावे. काही तासांत आतड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, वृषणालाही इजा होते. तेल लावून चोळू नये, स्वतः दाबू नये, दूध-पाणी देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

पेणच्या डोंगरातील वाडीवरून किंवा रोह्याच्या आतल्या गावातून रात्री निघणे किती कठीण, हे आपण जाणतोच. म्हणूनच फुगवटा आत जातो आहे तोवर शस्त्रक्रिया ठरवून करून घेणे शहाणपणाचे.

शस्त्रक्रिया

जांघेच्या घडीत लहानसा छेद घेऊन पिशवी मुळाशी बांधतात. मोठ्या माणसांप्रमाणे जाळी बसवावी लागत नाही. बहुतेक मुले त्याच दिवशी घरी जातात; अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मात्र रात्रभर देखरेखीखाली ठेवतात. लहान बाळाला भूल देण्यास अनुभवी भूलतज्ज्ञ हवा. म्हणून प्रथम पेण किंवा रोह्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे आणि शस्त्रक्रिया तेथे, अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात की मुंबईत परळच्या वाडिया बाल रुग्णालयात करावी, हे डॉक्टरांना विचारावे. खर्चाची चिंता असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबाबत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.

तपासणीच्या वेळी फुगवटा लपलेला असला तरी संकोच करू नये. तो कधी आणि कोठे दिसतो हे आईने सांगितले की डॉक्टरांचे निम्मे काम होते.