तण, बांधकामातील
दगडी किंवा विटांच्या बांधकामाच्या सांध्यांत आणि फरसबंदीच्या फटींत आपोआप रुजणाऱ्या अनिष्ट वनस्पती. पावसाने सांध्यातील चुना झिजून पोकळी झाली की, तीत धूळ व पालापाचोळा साचतो. एवढ्याशा मातीवरही बी रुजते. फरसबंदीत हरळी व लव्हाळा ही तणे विशेष चिवट असून, लव्हाळ्याचा पाला खुडला तरी तो जमिनीतील गाठींपासून पुन्हा फुटतो.

महाराष्ट्रातील किल्ल्यांचे तटबुरूज व जुनी मंदिरे यांना खरा धोका आहे तो मात्र पिंपळ, वड व उंबर यांचा. त्यांची फळे खाणारे पक्षी व वटवाघळे यांच्या विष्ठेतून बी उंच भिंतीवरही पोहोचते. प्रथम केसासारखे असलेले मूळ सांध्यात शिरून जाड होत जाते व चिरे एकमेकांपासून अलग करते.

वरवर छाटणी हा उपाय सर्वत्र केला जातो, पण तो निरुपयोगी होय. त्याने फुटवे जोमाने येतात आणि मूळ वाढतच राहते. रोप कोवळे असताना, पावसाळ्यात सांधा ओला असतानाच ते मुळासकट उपटणे इष्ट. जाड मूळ ओढल्यास चिरेही निखळतात. म्हणून खोड बुंध्याशी कापून ताज्या कापावर लगेच ग्लायफोसेटसारखे तणनाशक लावतात. मूळ वाळल्यावर निघेल तेवढे काढून पोकळीत पातळ चुना ओततात व सांधे चुना, वाळू आणि सुरखी (विटांची पूड) यांच्या मिश्रणाने भरतात. मीठ टाकल्यास त्याचे स्फटिक दगडाचा पृष्ठभाग फोडतात. सिमेंट ताठर असल्याने त्याच्या कडेला चीर पडते आणि तीत पुन्हा बी रुजते.