तीच रांजणवाडी पुन्हा आली तर

जुन्नर-आंबेगावात पापणीला गाठ आली की आम्ही तिला रांजणवाडीच म्हणतो. लवंग उगाळून लावतो. डोळा चुरचुरतो तो वेगळाच. बहुतेक वेळा गाठ बसतेही. पण पन्नाशी-साठीच्या माणसाला त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल, तिथले पापणीचे केस झडत असतील, तर तो पापणीतल्या तेलग्रंथीचा कॅन्सर असू शकतो. गाठ दुखत नाही, म्हणून कांदाकाढणीची रोजी बुडवून दवाखान्यात कोण जाणार? तिथेच आम्ही फसतो. नारायणगावचे मोहन ठुसे नेत्र रुग्णालय आपल्याला जवळ आहे. गाठ काढलीच, तर ती तपासणीला पाठवा, असे डॉक्टरांना आपणच सांगावे. लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर मात्र सुगी असो की लग्न, त्याच दिवशी निघावे.