फिरंग

शस्त्रदालनात गर्दी पाटीपुढे होते. तलवार कुणाची, एवढं वाचलं की पावलं पुढच्या कपाटाकडे वळतात. मी आधी मूठ बघतो, मग पातं. नाव सगळ्यांत शेवटी.

'एवढ्याशा मुठीत हात मावायचा कसा?' हा प्रश्न दालनात हमखास कानावर येतो. पण ती पकड तंग असते ती मुद्दाम. मुठीच्या टोकाची चपटी वाटी मनगटाला अडते, त्यामुळे हात लांबवून भोसकणं अवघड होतं आणि खांद्यातून आलेला ओढता वार सफाईनं बसतो. पात्याचा बाकही त्याच वारासाठी.

मराठ्यांना मात्र सरळ पात्याची ओढ होती. ती पाती बहुतेक युरोपात घडलेली, गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरलेली. इथला कारागीर त्यांना आपली मूठ चढवी, बुडाशी दोन्ही अंगांनी पट्ट्या जोडून बळ देई. पातं फिरंग्यांचं, म्हणून नावच पडलं फिरंग. लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनानं 2025 मध्ये 47.15 लाख रुपयांना परत मिळवलेली रघुजी भोसल्यांची तलवार याच जातीची. पातं परदेशी, मुठीवर सोन्याचं काम, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघुजींच्या नावासोबत 'फिरंग' हा शब्दही. परकं पातं आपलं म्हणताना त्याचं परकेपण कुणी लपवलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातली, कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून 1875-76 मध्ये गेलेली तलवारही फिरंगच. तिच्या पात्यावर 'आय-एच-एस' ही येशूच्या नावाची अक्षरं उमटवलेली आहेत.

उलट दिशेचा प्रवासही तितकाच मोठा. दख्खनमध्ये, आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावी, बंद मातीच्या मुशीत लोखंड आणि कर्ब एकत्र वितळवून पोलाद करत. ते घ्यायला इराणचे व्यापारी येत. त्या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते, ती वरून कोरलेली नसते, पोलादातच असते. एका संग्रहालयात अशी पाती चकाकेपर्यंत घासलेली पाहिली आणि जीव हळहळला. नक्षी पुसली की पात्यानं स्वतःविषयी सांगायचं जवळजवळ सगळंच गेलं.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली अकबराची 1593 ची ढाल सूर्य आणि बारा राशींसाठी सावकाश पाहावी. इंग्लंडमधल्या लीड्सच्या संग्रहालयातलं हत्तीचं चिलखत थक्क करतं: आज उरलेल्याचंच वजन 118 किलो. 2024 मध्ये साताऱ्यात आलेल्या वाघनखांपुढे लोक हात जोडून उभे राहिले. ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफच्या घराण्याकडून ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेली. शिवाजी महाराजांनी अफझलखानाच्या भेटीत वापरलेली ती हीच, याची खात्री देता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. पाटीवर तेही ठळक असावं. श्रद्धा त्यानं कमी होत नाही.

मी सर्वांत जास्त वेळ थांबतो तो साध्या, बिननावाच्या चिलखतांपाशी. हजारो कड्या, प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवलेली. अशाच एका चिलखतावर उजव्या काखेखाली मूठभर कड्या जाड तारेच्या, जरा वेड्यावाकड्या. वार तिथं लागला होता, आणि कुणीतरी ते नीट करून पुन्हा अंगावर चढवलं होतं.