शेवटची भाकरी कुणाची?

कर्नाटकातल्या निपाणीत तंबाखूच्या वखारीतून परतलेली बाई हातपाय धुऊन चुलीपुढे बसते. तंबाखूचा खकाणा अजून नाकात असतो. सगळ्यांना वाढून झालं की बुट्टीत उरलेली करपकी भाकरी तिची. 'नीट जेव की गं' म्हटलं तर उत्तर ठरलेलं: 'माझं काय मेलीचं!'

याला आपण त्याग म्हणतो, आणि स्वतःवर माया करणाऱ्या बाईला आपमतलबी. हा पहिला गैरसमज, आणि त्याला उत्तर याच गावानं दिलंय. १९८०च्या आसपास इथल्या तंबाखू कामगार बायका मजुरीसाठी आणि वखारीतल्या वागणुकीविरुद्ध एकत्र आल्या. 'युगांतर' या स्त्रीवादी चित्रपट गटानं त्यांच्यावर १९८२ साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. आपल्या घामाला मोल आहे हे आधी स्वतःला पटल्याशिवाय मालकापुढं तोंड उघडत नाही. आणि वाढीव मजुरी मागितली ती एकटीपुरती नव्हे.

'स्वतःला फैलावर घेतलं तरच माणूस सुधारतो' हाही आपला लाडका समज. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली स्वतःवरची करुणा मोजण्याची प्रश्नावली मांडली. तिच्यात लाड कुठंच नाहीत. चुकलेल्या मैत्रिणीशी जसं बोलतो तसं स्वतःशी बोलणं, चुका सगळ्यांच्याच होतात हे ओळखणं आणि दुःख न झाकणं, न वाढवणं, एवढंच. पुढं २०१२ मध्ये ब्राइन्स आणि चेन यांनी विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड चाचणी दिली. ज्यांना 'स्वतःला फार बोल लावू नका' असं सांगितलं, त्यांनी पुढच्या चाचणीचा अभ्यास जास्त वेळ केला. शिव्या घालून अभ्यास घेणाऱ्या आमच्या पिढीला हे पचायला जड जाईल.

'एकदा डाग लागला की स्वतःवर माया करायचा हक्कच संपला' असं मानणाऱ्यांनी चिकोडी तालुक्यातल्या सीतव्वा जोडट्टींकडं पाहावं. लहानपणीच त्यांना देवदासी केलं गेलं. पुढं त्यांनी अशाच बायकांच्या 'मास' या संस्थेचं काम उभं केलं आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

स्वतःवर माया करायला पैसा लागतो, हेही खरं नाही. गरम भाकरी आधी आपल्या ताटात घ्यायला काय खर्च येतो?

मात्र झोप उडाली, जगणं नकोसं झालं, तर नुसत्या मायेवर भागवू नका. सरकारच्या 'टेलि-मानस'चा नंबर १४४१६. फोन मोफत, दिवसरात्र चालू. मराठीत बोला नाहीतर कन्नडमध्ये.