नवा भिडू कोण?

अमेरिकेंतील विद्यापीठांत विद्येची जितकी चर्चा होते, तितकीच खेळांचीही होते. शरदऋतूंतील शनिवारीं मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडांगणांवर लाखाच्या घरांत प्रेक्षक जमतात. खेळाचें नांव फुटबॉल. पण चेंडू मुख्यतः हातांत घेऊन धावण्याचा व फेंकण्याचा. हीं विद्यापीठें बहुधा एकएकटीं खेळत नाहींत. तीं आपापलीं मंडळें करतात, त्यांस तिकडे 'कॉन्फरन्स' म्हणतात. मंडळांतील विद्यापीठें दरवर्षीं परस्परांशीं सामने खेळतात, नियम एकत्र बसून ठरवितात आणि मिळालेलें उत्पन्न वांटून घेतात. अशा मंडळांत एखादी जागा रिकामी झाली, किंवा मंडळ वाढवावें असें सभासदांस वाटलें, म्हणजे प्रश्न उभा राहतो, नवा भिडू कोण घ्यावा? वरवर पाहतां उत्तर सोपें दिसतें. जो उत्तम खेळतो तो! परंतु इतिहास पाहतां असें दिसून येईल कीं, या एकाच कारणासाठीं निवड क्वचितच झाली आहे.

या मंडळांपैकीं जुनें व नामांकित मंडळ म्हणजे 'बिग टेन'. १८९५ च्या जानेवारींत पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनीं शिकागो येथें आसपासच्या विद्यापीठांच्या प्रमुखांची बैठक बोलाविली. त्या काळीं पैसे देऊन आणलेले भाडोत्री खेळाडू विद्यार्थी म्हणून मैदानावर उतरत. या प्रकारास आळा घालावा, हा बैठकीचा हेतु होता. पुढील वर्षीं सात विद्यापीठांचें मंडळ स्थापन झालें. नियमितपणें शिकणारा व अभ्यासांत मागें न पडलेला विद्यार्थीच खेळूं शकेल, असा दंडक ठरला आणि कारभार प्राध्यापकांच्या हातीं आला. खेळ विद्येच्या मर्यादेंत राहावा, एवढ्यासाठीं या मंडळाचा जन्म झाला होता. पुढें सभासद वाढत गेले, १९१७ सालीं संख्या दहा झाली आणि 'बिग टेन' हें नांव रूढ झालें.

या दहांतील शिकागो विद्यापीठाची कथा विलक्षण आहे. अमॉस अलोन्झो स्टॅग या गुरूच्या हाताखालीं त्याचा संघ एके काळीं अग्रगण्य गणला जाई. पुढें 'हाइझ्मन' या नांवानें प्रसिद्ध झालेलें पारितोषिक १९३५ सालीं प्रथम देण्यांत आलें, तें शिकागोच्याच जे बरवँगर यास. परंतु विद्यापीठाचें काम शिकविण्याचें आहे, प्रेक्षक जमविण्याचें नव्हे, असें अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांचें मत होतें. १९३९ सालीं मिशिगन विद्यापीठानें शिकागोचा ८५-० असा धुव्वा उडविला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस शिकागोनें फुटबॉल सोडून दिला. ओस पडलेल्या त्या क्रीडांगणाच्या प्रेक्षकसज्जांखालीं २ डिसेंबर १९४२ रोजीं एन्रिको फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अणुविघटनाची पहिली नियंत्रित शृंखलाक्रिया घडवून आणली. १९४६ सालीं शिकागोनें मंडळही सोडलें आणि दहांचे नऊ उरले.

रिकाम्या जागेसाठीं पिट्सबर्ग, नेब्रास्का अशीं नांवें पुढें आलीं. पिट्सबर्ग हें पोलादाचें मोठें शहर, आणि १९३० नंतरच्या दशकांत त्याच्या संघाचा चांगलाच दबदबा होता. तरीही १९४९ च्या मे महिन्यांत निवड झाली ती ईस्ट लान्सिंग येथील मिशिगन स्टेट कॉलेजची. १८५५ सालीं स्थापन झालेलें हें मूळचें शेतकी कॉलेज. महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांनीं त्याचे वर्ग भरून गेले होते आणि अध्यक्ष जॉन हॅना यांनीं तें मोठ्या विद्यापीठाच्या तोडीस आणण्याचा चंग बांधला होता. या निवडीविरुद्ध एक सबळ आक्षेप होता. मिशिगन राज्यांतील एक विद्यापीठ मंडळांत आधींपासूनच होतें, आणि दोहोंमधील अंतर अवघें साठ-पासष्ट मैल. नवा प्रांत नाहीं, नवे प्रेक्षक नाहींत! थोरल्या शेजाऱ्यालाही हा प्रवेश फारसा रुचला नव्हता. पण १९५३ सालीं मिशिगन स्टेट मंडळाच्या फुटबॉल सामन्यांत उतरलें आणि पहिल्याच वर्षीं त्यानें अजिंक्यपदांत वांटा मिळविला. त्याच वर्षीं राज्याच्या गव्हर्नरांनीं दोन शेजाऱ्यांच्या सामन्यासाठीं 'पॉल बनियन' हें स्मृतिचिन्ह दिलें. त्यासाठीं आजही तितक्याच ईर्षेनें सामना होतो.

आजच्या हिशेबानें मात्र ही निवड वेडेपणाचीच ठरली असती. हा हिशेब पंगतींतल्या वाढप्यासारखा आहे. शंभर लाडू आणि दहा पानें असतील तर प्रत्येकीं दहा येतात. अकरावें पान मांडावयाचें तर त्या पाहुण्यानें निदान दहा लाडू बरोबर आणले पाहिजेत. नाहीं तर जुन्या मंडळींच्या पानांतले कमी होणार. मंडळाचें मुख्य उत्पन्न टेलिव्हिजनच्या प्रक्षेपणहक्कांतून येऊं लागल्यापासून हा प्रश्न प्रत्येक उमेदवारास विचारला जातो. २००७ सालीं 'बिग टेन'नें स्वतःची वाहिनी सुरू केली. ज्या राज्यांत मंडळाचा सभासद असेल तेथील केबलधारकांमागें वाहिनीस अधिक वर्गणी मिळे. म्हणून २०१४ सालीं रट्गर्स व मेरीलँड हीं विद्यापीठें घेण्यांत आलीं, तेव्हां मंडळाची नजर त्यांच्या खेळापेक्षां न्यू यॉर्क व वॉशिंग्टन या शहरांतील घरांवर अधिक होती. पुढें लोकांनीं केबल सोडण्यास प्रारंभ केला आणि या हिशेबाचा पायाच डळमळला.

तरीही विस्तार थांबला नाहीं. २०२४ सालीं पॅसिफिक किनाऱ्यावरील चार विद्यापीठें 'बिग टेन'मध्यें आलीं. दहांचें नांव कायम ठेवून सभासद अठरा झाले. न्यू जर्सीतील रट्गर्स आणि लॉस अँजेलिस येथील विद्यापीठें यांमध्यें आतां सुमारे अडीच हजार मैलांचें अंतर आणि घड्याळांत तीन तासांचा फरक आहे. या उलथापालथींत जुन्या 'पॅक ट्वेल्व्ह' मंडळाच्या बारांपैकीं दहा सभासद निघून गेले. स्टॅन्फर्ड व बर्कली हीं पॅसिफिककांठचीं विद्यापीठें तर 'अटलांटिक कोस्ट' नांवाच्या मंडळांत दाखल झालीं! मागें उरलीं तीं ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट. त्यांचे खेळाडू निकृष्ट होते असें नव्हे. त्यांचीं गांवें लहान होतीं, एवढाच त्यांचा दोष. मोठ्या फुटबॉल मंडळास निदान आठ सभासद लागतात, असा नियम असल्यामुळें त्या दोघांनीं नवे भिडू शोधले. आठवी जागा २०२५ च्या जूनमध्यें दूरच्या टेक्सस स्टेट विद्यापीठास देण्यांत आली. प्रवेशाची तारीख ठरली १ जुलै २०२६.

या हिशेबांत एक रकम बहुधा मांडलीच जात नाहीं, ती विद्यार्थ्यांच्या वेळेची. फुटबॉलचा संघ आठवड्यास एकदां खेळतो व बहुधा शनिवारीं. त्यास दूरचा प्रवास झेपतो. पण व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, टेनिस खेळणाऱ्या मुलामुलींचे सामने अधिक, कित्येकदां आडवारीं, आणि त्यांतून उत्पन्न जवळजवळ नाहीं. फुटबॉलच्या करारासाठीं त्यांनीं अर्धा देश ओलांडावयाचा आणि परतल्यावर सकाळीं वर्गांत बसावयाचें! नियमित शिकणाराच खेळेल, हा १८९६ चा दंडक कागदावर राहतो. पण शिकण्यास लागणारे तास विमानतळावर जातात.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. नोत्र दाम विद्यापीठानें १९९९ सालीं 'बिग टेन'चें निमंत्रण नाकारलें. तें फुटबॉल स्वतंत्रपणें खेळतें आणि इतर बहुतेक खेळांपुरतें मंडळांत राहतें. गोन्झागा विद्यापीठाकडे फुटबॉलचा संघच नाहीं, तरी नव्या 'पॅक ट्वेल्व्ह'नें त्यास निवडलें. म्हणजे प्रत्येक खेळाचें मंडळ एकच असलें पाहिजे, असें कांहीं नाहीं. फुटबॉल दूरच्यांशीं खेळावा आणि बाकीचे खेळ शेजाऱ्यांशीं खेळावे, हें आजही शक्य आहे.

नवा सभासद निवडतांना त्याची विद्या पाहावी, खेळ पाहावा, आणि उत्पन्नही पाहावें. तें न पाहून कोणतेंही मंडळ चालणार नाहीं. पण केबलच्या भरंवशावर केलेली निवड दहा वर्षांत जुनी झाली आणि साठ मैलांवरचा शेजारी पंचाहत्तर वर्षांनंतरही तितक्याच चुरशीनें खेळतो आहे, हें विसरून चालणार नाहीं. म्हणून मतदानास बसलेल्या अध्यक्षांनीं आणखी एक प्रश्न विचारावा. सामना संपल्यावर ही मुलें त्याच रात्रीं आपल्या खोलीवर परत पोहोंचतील काय? ज्या उमेदवाराच्या बाबतींत या प्रश्नाचें उत्तर होकारार्थी येईल, त्याचें पान आधीं मांडावें.