परदेशात स्वयंसेवा करताना ताप आला तर?

युगांडा, टांझानियात स्वयंसेवक म्हणून गेल्यावर ‘आपण थांबलो तर काम अडेल’ असे वाटून ताप अंगावर काढला जातो. हे जिवावर बेतू शकते. तिथला फाल्सिपेरम मलेरिया उपचारांविना २४ तासांत गंभीर होऊ शकतो.

काय कराल?

● ताप येताच त्याच दिवशी रक्ततपासणी करा.

● समन्वयकाला लगेच कळवा. वर्ग किंवा शिबिर कोण सांभाळणार, हे आधीच ठरवून ठेवा.

● विम्याची कागदपत्रे मोबाइलमध्ये ठेवा.

● प्रतिबंधक गोळ्या परतल्यावरही सुरू ठेवा. डॉक्सिसायक्लिन असेल तर आणखी ४ आठवडे.

● मायदेशी आल्यावर काही महिन्यांनी ताप आला तरी डॉक्टरांना प्रवासाबद्दल आवर्जून सांगा.